मांगं वाजवणारा

यंदाच्या काकड्याला मी दोनच दिवस गावी होतो. त्यातल्या पहिल्या पहाटे जे झालं ते कोणाला सांगायला गेलो तर ‘मग?’ असंच विचारतील, इतकं किरकोळ. मारुतीच्या देवळात अभंग रंगात आला होता. बुवा आता पंच्याहत्तरीला टेकलेत. आवाजात अजून पीळ आहे, पण दम पुरत नाही. तिसऱ्या चरणाच्या शेवटी त्यांनी अक्षर जरा लांबवलं आणि श्वास घ्यायला थांबले. अर्धी मात्रा असेल, फार तर एक. ठेका थांबला नाही. ऑक्टोपॅडवर धुमाळीचा लूप लावलेला होता, तो आपल्या चालीनं पुढं निघून गेला. बुवांनी पुढची ओळ उचलली तेव्हा ते एक मात्रा मागं होते. टाळकऱ्यांची फाटाफूट झाली. निम्मे बुवांबरोबर राहिले, निम्मे मशीनबरोबर गेले. मग बुवांनी दोन शब्द भराभर गिळले आणि एसटीमागं धावणाऱ्या माणसासारखा ठेका गाठला. अभंग संपला, काकडे ओवाळून झाले, चहा आला. कोणी काही बोललं नाही. फरशीतून गार वर चढत होतं आणि सगळ्यांना कपाची ऊब हवी होती.

मी खांबाकडं पाहिलं. तिथं आबाजी टेकून बसले होते. कानाला मफलर, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबलेले. थंडीनं दाबले असतील. पण चाळीस वर्षं मी हे हात देवळात कधी रिकामे पाहिले नव्हते, आणि आता पाहिले ते नेमके त्या एका मात्रेच्या गोंधळानंतर. गावच्या भजनी मंडळाची ढोलकी त्यांची. दोन वर्षांपूर्वी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मंडळासाठी ऑक्टोपॅड’ असा विषय निघाला. पोरं म्हणाली, शेजारच्या गावात आहे, आवाज मोठा येतो, तबला-ढोलकी-मृदंग सगळं एकाच पेटीत. यवतमाळला बसून मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि ५,००० रुपये पाठवले. यादीत माझं नाव दुसरं होतं. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आबाजींना जरा चाचरतच विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘बरं झालं गा. हात दुखतच होते.’’ मी ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

आणि हा मी कोण, तर वीस वर्षं मित्रांना पकडून पकडून एका स्वीडिश ड्रमरच्या हलक्या हाताबद्दल व्याख्यानं देणारा माणूस.

त्याची कथा अशी. मी इंजिनीअरिंगला अमरावतीला होतो. होस्टेलात ज्याच्याकडं मोठी हार्डडिस्क, तो राजा. आमच्या मजल्यावरच्या राजानं एका सुट्टीआधी माझ्या सीडीवर ‘मेटल’ नावाचं एक अख्खं फोल्डर भरून दिलं, त्यात ओपेथ होतं, म्हणजे स्वीडनचा एक जड रॉक वाजवणारा बँड. गावी आलो तर भारनियमन. रात्र-रात्र लाईन नाही. अंगणात बाज टाकून, डासांना लिंबाच्या पाल्याचा धूर करून, सेलवर चालणाऱ्या सीडी प्लेअरमध्ये मी त्यांचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ऐकायचो. २००१ चा अल्बम, माझ्यापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली होती. पहिल्या महिन्यात मला त्यात फक्त गायक मिकाएल ऑकरफेल्ट ऐकू यायचा. एका क्षणी विहिरीच्या तळातून गुरगुरल्यासारखा, पुढच्या क्षणी अगदी साध्या, दुखऱ्या आवाजात गाणारा. त्यानंतर ऐकू यायच्या गिटारी. मागं कोणीतरी ड्रम वाजवतंय हे कळत होतं, पण लग्नात मांडव कोणी घातला याची चौकशी आपण करतो का, तसंच.

मेटल ऐकणाऱ्या पोरांमध्ये ड्रमरचं कौतुक व्हायचं ते वेगाचं. पायांनी किती भराभर वाजवतो, मिनिटाला किती ठोके. पोळ्याला डफडं गवताच्या जाळावर शेकून असं बडवतात की बैलही बुजावा, तसल्या जोराचं आम्हाला कौतुक. लोपेझ, म्हणजे ओपेथचा तेव्हाचा ड्रमर मार्टिन लोपेझ, त्या वादात कधी यायचा नाही. तो मला सापडला तो इअरफोन बिघडल्यामुळं. एका बाजूची तार आतून तुटली आणि उजवा कान मुका झाला. या बँडमध्ये दोन गिटारी, दोन बाजूंना मांडलेल्या. त्यातली एक गेली. अर्ध्या गिटारीची जागा मोकळी झाली आणि त्या मोकळ्या जागेत काहीतरी सारखं हलत असल्याचं मला ऐकू आलं. घरात सगळे झोपल्यावर भिंतीतलं घड्याळ ऐकू यावं, तसं. मोठ्या दोन ठोक्यांच्या मध्ये अगदी बारीक, जेमतेम कातड्याला टेकणारे ठोके होते. झांज पुरती बंद नाही, पुरती उघडी नाही, ओठ किंचित विलग व्हावेत एवढीच उघडत होती.

ड्रमवाले त्या बारीक ठोक्यांना घोस्ट नोट म्हणतात. आमच्याकडं भुताची वाजवणी म्हटलं तर लोक अंगारा शोधायला धावतील, म्हणून मी त्याला मनात वाकळीचे टाके म्हणतो. वाकळ पाहताना डोळे जातात ते लुगड्याच्या तुकड्यांवर: हा आईच्या लग्नातला, हा आत्याच्या बारशातला. टाके कोणी पाहत नाही. पण एका कोपऱ्याचे टाके उसवले की आतली चिंधी गोळा होऊन एका जागी येते आणि रात्रभर पाठीला टोचते. लोपेझचे ते ठोके ओपेथच्या गाण्यात हेच काम करत होते. दहा-दहा मिनिटांची ती गाणी, जड भाग, मग अचानक नुसती एक गिटार, मग पुन्हा कोसळणं. एवढे तुकडे एकाच गाण्याचे का वाटतात, याचं उत्तर मला त्या मुक्या इअरफोननं दिलं.

मग मी मागं जाऊन सगळं नव्यानं ऐकलं. ‘स्टिल लाइफ’ हा १९९९ चा अल्बम. त्यात ‘फेस ऑफ मेलिंडा’ नावाचं गाणं आहे. त्याच्या पहिल्या भागात हा माणूस ड्रमला हात लावतोय की नुसता कुरवाळतोय असा प्रश्न पडावा, जवळजवळ जॅझसारखं. ज्या बँडच्या टी-शर्टवरची अक्षरं पाहून आमची आजी राम-राम म्हणायची, त्या बँडमध्ये! लोपेझचं घराणं मूळ उरुग्वेचं, आणि बास वाजवणारा मार्टिन मेंडेझही तिथलाच. उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात रस्त्यारस्त्यांवर कँडोम्बे नावाचं ढोलवादन चालतं, तीन आकारांचे ढोल घेऊन. त्यातला सगळ्यात लहान ढोल, त्याला चिको म्हणतात, एकच छोटा बोल धरून बसतो. बाकीचे दोघं वर काय कसरती करायच्या त्या करतात, चिको हलत नाही. हे मी फार उशिरा ऐकलं आणि ऐकताक्षणी लोपेझ आठवला. मेंडेझ आणि लोपेझ एकत्र वाजवतात तेव्हा त्यांचं आपसात काहीतरी वेगळं बोलणं चाललेलं असतं. चारचौघांत दोन वऱ्हाडी भेटले की त्यांचं होतं तसं.

२००२ मध्ये ओपेथनं दोन अल्बम एका दमात केले. ‘डिलिव्हरन्स’ त्याच वर्षी आला, सगळा दगड-गोटा. ‘डॅम्नेशन’ पुढच्या वर्षी आला, त्यात एकदाही गुरगुरणं नाही, सगळं मऊ. दोन्हींच्या निर्मितीत स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराचा हात. दोन्ही एकामागोमाग ऐकले की लोपेझचं खरं काम दिसतं. ‘डॅम्नेशन’मध्ये त्याच्याजवळ करण्यासारखं काही नाहीच, असं वरवर वाटतं. साधा ठेका. हौशी ड्रमरला तिथं बसवा, दुसऱ्या ओळीपासून त्याचे हात शिवशिवायला लागतील. लोपेझ थांबतो. गायक ओळ संपवतो, तिचा शेवट हवेत विरतो आणि तो विरल्यावरच पुढचा ठोका येतो आहे असं वाटतं. घड्याळ लावून पाहिलं तर ठोका वेळेवरच आलेला असतो. वाटायला लावणं हीच त्याची करामत.

आणि ‘डिलिव्हरन्स’ या नावाचंच जे गाणं आहे, साडेतेरा मिनिटांचं, त्याचा शेवट. शेवटची तीन-साडेतीन मिनिटं एकच तुटक बोल. गिटार, बास आणि पायाचा मोठा ड्रम एकाच जागी आदळतात, एकाच जागी गप्प होतात. पुन्हा तेच. पुन्हा तेच. कोणी गात नाही. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. मी ते शेकडो वेळा मोजलं असेल आणि दर वेळी बोटं कुठंतरी चुकतात. चार धरून बसावं तर बोल दुसरीकडंच पडतो. यात लोपेझ काही दाखवत नाही. तो फक्त ती गप्प जागा पक्की धरतो, बाकीच्यांना तिथं विश्वासानं गप्प होता यावं म्हणून.

२००५ चा ‘घोस्ट रेव्हरीज’ हा त्याचा ओपेथबरोबरचा शेवटचा अल्बम. पुढच्या वर्षी तब्येतीच्या कारणानं त्यानं बँड सोडला. त्याच्या जागी मार्टिन ॲक्सेनरॉट आला. तोही मार्टिन, त्या बँडला मार्टिन नावाच्या माणसांचा काही नवस असावा. २००८ मध्ये ‘वॉटरशेड’ आला आणि मी तो मिळवून, दार लावून ऐकला. ॲक्सेनरॉट जास्त जोरकस, जास्त नेटका. मला राग आला. काय चुकतंय ते सांगता येईना, फक्त वाकळ टोचत होती. मी त्या माणसावर अन्याय केला हे आता कळतं. २०११ च्या ‘हेरिटेज’मध्ये त्यानंही हलका हात दाखवला होता, पण माझे कान रुसलेले होते. सासरी नवीन आलेल्या सुनेच्या हातचं वरण जसं आधीच अळणी ठरलेलं असतं. लोपेझनं पुढं सोएन नावाचा बँड उभा केला, २०१२ मध्ये त्यांचा ‘कॉग्निटिव्ह’ आला, आणि मी तो यवतमाळच्या भाड्याच्या खोलीत ऐकताना पहिल्याच गाण्याला एकटाच हसलो. ओळखीचा माणूस वेगळ्या गावच्या बाजारात भेटावा तसं झालं.

एवढं सगळं मला कळत होतं. स्टॉकहोमच्या एका माणसाच्या मनगटाची हालचाल मी कानानं ओळखत होतो.

काकड्याच्या त्या पहाटेनंतर मला नववं-दहावं वर्ष आठवायला लागलं. मंडळात पोरांना टाळ द्यायचे आणि आबाजींच्या डाव्या अंगाला बसवायचे, म्हणजे धाकात राहतील. मला त्या ढोलकीचा वास अजून येतो: कातडं, तेल, आणि आबाजींच्या धोतराला चिकटलेला तंबाखूचा. भजन सुरू होण्याआधी ते दोरीच्या कड्या अंगठ्यानं सरकवायचे, कातड्यावर टिचकी मारून कान लावायचे, पुन्हा सरकवायचे. पेटीवाला वैतागायचा. एकदा मी माझ्या टाळाकडं पाहत जोरजोरात वाजवत होतो, तर त्यांनी ठेका न सोडता कोपरानं मला ढोसलं. ‘‘टायाकडं नोको पाहू. बुवाच्या घाटीकडं पाय.’’ गळ्याची घाटी. मी पाहिली. ती वर गेली की बुवा श्वास घेणार. ती वर जायला लागली की आबाजींचा डावा पंजा जड कातड्यावर दाबला जायचा, बोल जरा घुमून लांबायचा, आणि बुवांना हवी तेवढी हवा मिळायची. मला तेव्हा तो खेळ वाटला होता. दोन दिवस पाहिला आणि विसरलो.

आमच्या भागात वाद्य म्हटलं की आधी खंजेरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी ऐकलेले लोक अजून गावात आहेत, ते तिच्याबद्दल बोलायला लागले की चहा गार होतो. पण महाराज स्वतः गात आणि स्वतःच वाजवत. गळाही त्यांचा, हातही त्यांचा. हाताला गळ्याची वाट पाहावी लागत नाही, त्याला आधीच माहीत असतं. ढोलकीवाल्याचं तसं नाही. त्याला दुसऱ्याच्या छातीतला दम ओळखावा लागतो, आणि तो संपायच्या आधी ओळखावा लागतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी आबाजींच्या घरी गेलो. ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग, त्याला टेकून ते बसलेले. ढोलकी खुंटीला, जुन्या लुगड्यात गुंडाळून. मला पॅडबद्दल काहीतरी बोलायचं होतं, काय ते ठरवलेलं नव्हतं. बोलायचं सुचेना म्हणून मी मोबाईल काढला आणि म्हणालो, आबाजी, एक ऐकवतो. गडबडीत नेमकं जड गाणं लागलं. त्यांनी इअरफोन कानापासून वीतभर लांब धरला. ‘‘हा कोनावर खेकसून रायला?’’ मी घाईनं ‘डॅम्नेशन’चं पहिलं गाणं लावलं. ते जवळजवळ आठ मिनिटांचं आहे. आबाजी डोळे मिटून बसले. मधे सून चहा ठेवून गेली, त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं झोपले. गाणं संपल्यावर म्हणाले, ‘‘मांगं वाजवनारा शाना हाय. मोकयं सोडते.’’

त्यांना विचारायचं होतं तो कुठला. मी सांगितलं, स्वीडनचा, बर्फाचा देश. आता तो या मंडळात नाही, सोडलं त्यानं. ‘‘कावून?’’ तब्येत बरी नव्हती म्हणून. आबाजींनी स्वतःची बोटं उघडून पाहिली, पेरं गाठाळलेली. ‘‘हात गेले काय त्याचे?’’ नाही, म्हटलं, आता दुसऱ्या मंडळात वाजवतो. ‘‘मंग ठीक,’’ असं म्हणून ते चहा प्याले, बशीत ओतून, सावकाश.

तेव्हा मी धीर केला. म्हटलं, आबाजी, काल पहाटे बुवांची ओळ मागं राहिली, ते पॅड... त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. ‘‘पॅडचं काय हाय त्याच्यात. बुवाले आता ते पट्टी झेपत नाही. खाली उतराव लागते त्याईनं. म्या सात-आठ वर्सं झाकून घेतलं.’’ एवढं बोलून ते कापसाच्या ढिगातून सरकीची काडी-कचरा वेचायला लागले, जसं काही त्यांनी मला पाऊस कधी येईल ते सांगितलं होतं. सात-आठ वर्षं. त्या वर्षांत मी प्रत्येक काकड्याला एक-दोन दिवस तरी देवळात बसलेलो होतो आणि बाहेर येऊन बुवांना म्हणत होतो, बुवा, आवाज अजून तसाच आहे तुमचा.

निघताना ‘डिलिव्हरन्स’चा तो शेवट त्यांना ऐकवला. ऐकवायला नको होता. त्यांनी पहिल्यांदा मान डोलवली, मग मान थांबली, मग बोटं सुरू झाली, अंगठा एकेका पेरावरून फिरायला लागला. ‘‘मले सम भेटूनच नाही रायली,’’ ते म्हणाले. आवाजात चीड होती. मी म्हटलं, मलाही नाही भेटली, वीस वर्षं झाली. ‘‘तुही गोष्ट येगळी,’’ ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. ‘‘पुन्हा लाव.’’ मी पुन्हा लावलं. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या, तार आखूड म्हणून मी उंबऱ्यावर वाकून बसलेलो. ते दाराच्या चौकटीवर दोन बोटांनी हळूच वाजवत होते. चुकलं की जिभेनं च्यक करायचे आणि मला कोपरानं ढोसायचे. मी मागं नेऊन परत सुरू करायचो. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांचा डावा पंजा चौकटीवर दाबला गेला, गप्प जागेच्या अगदी तोंडाशी, आणि ते काही न बोलता ऐकत राहिले.

फाट्यावरून साडेपाचची एसटी गेल्याचा हॉर्न ऐकू आला. मी पुन्हा मागं नेलं.